सुटलेला चेंडू कोणाच्या नावावर

आबा, नजर लागणं-बिगणं काही नसतं, हे तुम्हीच सांगितलं होतं ना? मग आता उठा आणि या इथल्या लोकांना सांगा, कारण माझं कोणी ऐकत नाही. गेल्या रविवारपासून मैदानावरची माणसं माझ्याशी अशी वागतात, जसं काही मीच बॅट घेऊन आत गेले आणि तो चेंडू मारला. मी फक्त तोंड उघडलं होतं. तोंड उघडल्याने चेंडू कसा लागतो, हे मी तिघांना विचारलं. आपल्या क्वार्टरच्या दारावर शेजारच्या काकूने लिंबू-मिरची टांगली होती, ती तुम्ही काढून गटारात टाकलीत आणि वर तिला म्हणालात, "बाई, मिरची भाजीत घाला, दाराला कशाला खाऊ घालता?" त्या माणसाची मी मुलगी. आणि मला पांढऱ्या पायाची ठरवलं कोणी, तर गाड्यांच्या कारखान्यात जन्मभर इंजिनं तपासून रिटायर झालेल्या म्हाताऱ्याने. इंजिनीअर, आबा! आणि तोही जर्मन!

तुम्हाला इकडचं काहीच माहीत नाही, तेव्हा आधीपासून सांगते. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही पिंपरीला दोन खोल्यांत होतो आणि पोरगी पाळण्यात होती. मग कंपनीने ह्यांना जर्मनीला पाठवलं. दोन वर्षांसाठी म्हणून आलो ते राहिलोच. रेगेन्सबर्गच्या अलीकडे एका लहान गावात आमचं घर आहे. हे कारखान्यात शिफ्टला जातात, मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरते आणि भांडी बघते, पोरगी युनिव्हर्सिटीत शिकते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींचं भांडण अगदी व्यवस्थित होतं. गावाबाहेर एक बेसबॉलचं मैदान आहे. इथे सगळ्यांना वेड फुटबॉलचं, बेसबॉल म्हटलं की लोक हसतात. पण पोरीला लहानपणी कोणीतरी तिथे नेलं आणि ती तिथलीच झाली. मधोमध एका उंचवट्यावर उभा राहून एक जण चेंडू फेकतो, समोरचा गोल दांडक्याने मारतो आणि चार कोपऱ्यांच्या चौकातून धावत सुटतो. एवढं कळलं तरी पुरे. क्लबाला इथे फेराइन म्हणतात. म्हणजे आपलं जयंती मंडळच समजा. तीच वर्गणी, तीच भांडणं, खुर्च्या कोणी उचलायच्या यावरून तेच रुसवे. ज्याचं पोर खेळतं त्याच्या आईबापाने काम करायचं हा नियम. मला सांगितलं केक करून आणा. मी बटाटेवडे नेले. तेव्हापासून मी तिथे वडा-फ्राऊ, म्हणजे वडेवाली बाई.

मला पहिल्या दिवसापासून कोडं पडलं ते त्यांच्या बोर्डाचं. प्रत्येक संघापुढे शेवटी तीन आकडे असतात. पहिला धावांचा, तो कोणालाही कळतो. दुसरा हिटचा, म्हणजे मारणारा स्वतःच्या जोरावर कितीदा सुखरूप पोचला. आणि तिसरा चुकांचा. चुकांचा, आबा! पकडणाऱ्यांनी किती चुका केल्या, ते सगळ्या गावादेखत. आपल्या क्रिकेटात कॅच सुटला तर आईमाई निघते, पण तो आकडा बोर्डावर कोणी लावत नाही. कुठल्या देशातल्या कुठल्या माणसाला हे सुचलं असेल? मी पोरीला विचारलं, चूक होती की नव्हती हे ठरवतं कोण? ती म्हणाली, मी. गुडघा दुखावल्यावर तिचं खेळणं बंद झालं, तेव्हा तिने त्या कामाची परीक्षा दिली. जाळीमागे एक लाकडी खोपटं आहे, त्यात ती कॉम्प्युटर घेऊन बसते. मारणाऱ्याची हिट की पकडणाऱ्याची चूक, तिने म्हणायचं आणि बोर्डाने ऐकायचं. तुमची नात, आबा. विसाव्या वर्षी.

आमचं बाक तिसऱ्या कोपऱ्याच्या बाजूला. तिथे मी, तो इंजिनवाला म्हातारा आणि नागपूरचा एक पोरगा, प्रकाशाच्या किरणांवर पीएचडी करतो तो. आपल्यातलाच आहे, जयंतीला रेगेन्सबर्गला भेटला, वड्यांच्या वासाने मैदानावर आला आणि चिकटला. दोघं मिळून जे बोलतात ते ऐकायला मला फार आवडतं. वरच्या गावच्या क्लबाने अमेरिकेहून दोन खेळाडू आणले, त्यातला एक इथलं जेवण जात नाही म्हणून रुसून खोलीत बसला. आपल्या ट्रेनरचं आणि अध्यक्षाचं वाजलं. लीगने मागचा सामना पुन्हा खेळायला लावला, कारण पंच भलत्याच गावाला जाऊन उभा होता. दुसऱ्या कोपऱ्यावरच्याचा हात लग्न झाल्यापासून बिघडला. "लग्नाने हात कसा बिघडतो?" मी विचारते. म्हातारा फार गंभीरपणे म्हणतो, "आल्झो, म्हणजे असं, की झोप पुरत नाही." नागपूरवाला म्हणतो, "काकू, आकडे आहेत माझ्याकडे." आकडे आहेत म्हणे. कोणी कोणाशी लग्न करावं हेही तो सरासरी काढून सांगेल. मला धड कळायचं नाही, तरी मी विचारत सुटते. तुम्ही वर्कशॉपातून डबा गुंडाळलेला कालचा पेपर आणायचात आणि खेळाचं पान मला मोठ्याने वाचायला लावायचात, तसंच वाटतं. कोण जिंकलं हे तुम्ही कधी आधी विचारलं नाहीत. तुमचा पहिला प्रश्न एकच. "कॅच कोणी सोडला?"

आता त्या रविवारचं ऐका. आमचा फेकणारा चाळिशीला आलाय, एरवी बस चालवतो. खांदा गेलाय त्याचा, हे वर्ष शेवटचं, हे सगळ्यांना माहीत. त्या दिवशी त्याच्या हातात काय आलं होतं कोण जाणे, समोरचे येत होते आणि हात हलवत परत जात होते. शेवटचा डाव आला. अख्ख्या मैदानावर कोणी बोलेना. म्हाताऱ्याने अर्धा वडा हातात तसाच धरलेला. नागपूरवाला टोपी उलटी करून बसला होता, आतलं अस्तर बाहेर. मी बोर्डाकडे बघितलं तर समोरच्यांचा हिटचा आकडा शून्य. मला आनंद झाला. मी मोठ्याने म्हणाले, आणि चांगल्या स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले, की अजून एकही हिट नाही की हो यांची!

आबा, मयतात कोणी शिट्टी वाजवावी तशी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. "काकू, काय केलंत हे!" नागपूरवाला कपाळ धरून बसला. मला नंतर कळलं. फेकणाऱ्याने सामनाभर एकही हिट दिली नाही, तर तो त्याचा जन्माचा मान असतो, भल्याभल्यांना मिळत नाही. आणि तसं काही चाललेलं असेल तेव्हा त्याचं नाव काढायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याशेजारी बसायचंसुद्धा नाही. हे मला आधी का सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणे सांगायचं झालं तर नाव काढावं लागतं ना! बघा, कशी गंमत. मी नागपूरवाल्याला म्हटलं, "अरे, तू प्रकाशावर संशोधन करतोस की टोपीवर? बाबासाहेबांचा फोटो लावतोस ना खोलीत?" तो म्हणाला, "काकू, खोलीत वेगळं, मैदानावर वेगळं." पण मी ते बोलले आणि नेमका पुढचाच चेंडू लागला. जमिनीलगत, सणसणीत, तिसऱ्या कोपऱ्याच्या रेघेवरून, म्हणजे थेट आमच्या डोळ्यांसमोरून. तिसऱ्या कोपऱ्यावर एक पोस्टमन खेळतो, अबोल, वड्याचं थँक्यूसुद्धा मान हलवून म्हणतो. तो लांब होता. पण त्याने अंग झोकून दिलं, आडवा झाला, हातमोज्याला चेंडू लागला, थांबल्यासारखा झाला आणि सुटला. तोवर मारणारा पोचलेला. सगळ्यांच्या माना खोपट्याकडे वळल्या. कारण चूक म्हटली तर बसवाल्याचा मान शाबूत आणि हिट म्हटली तर गेला. जरा वेळाने बोर्डावर शून्याचा एक झाला. पोरीने हिट दिली होती.

इथवर माझ्या नजरेवरच खापर फुटत होतं. पण लीगचा नियम असा, की लिहिणाऱ्याला आपला निर्णय दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बदलता येतो. मग काय, सोमवारी सकाळपासून पोरीचा फोन थांबेना. चाहत्यांचा ग्रुप आहे, त्यात कोणी व्हिडिओ टाकला, थांबवून थांबवून, बघा हातमोज्याला लागलाय, लागलाय म्हणजे चूक. ट्रेनरचं म्हणणं तेच. चारच्या सुमाराला म्हातारा स्वतः घरी आला, बायकोने केलेला सफरचंदाचा केक घेऊन. इथे काही मागायचं असलं की केक येतो. माझ्या स्वयंपाकघरात बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्याने बावीस उन्हाळे खांदा झिजवला," तो पोरीला म्हणाला. "तुला एक अक्षर बदलायचं आहे." ह्यांनीसुद्धा त्याचीच री ओढली. "बदलून टाक गं. त्या बसवाल्याला बरं वाटेल. कोणाचं काय जातंय?" पोरगी म्हणाली, "पोस्टमनचं जातं." तेवढ्यात पोस्टमनचाच फोन आला. पोरीने आवाज मोठा ठेवला, मी ऐकलं. तो म्हणाला, चूक माझ्या नावावर लिही. हात लागला होता. मला चालेल.

मला चालेल म्हणाला. मी उगाच ओट्याकडे तोंड करून केक कापायला घेतला.

आबा, तो दिवस तुम्हाला आठवतो का, हेच मला माहीत नाही. मी सहावीत आहे. आई दवाखान्यात. वरच्या मजल्यावरचं आपलं क्वार्टर, बाहेर लांब गॅलरी, तिचा कठडा बुटका. मी आत कणीक मळतेय. शेजारची काकू गॅलरीत तांदूळ निवडत बसलीय, आपला धाकटा तिच्यापासून हातभर अंतरावर खेळतोय. मला फक्त त्याचे पाय दिसतात, कठड्याच्या वर. मी धावते. परातीवरून उडी मारून धावते. त्याचा सदरा माझ्या मुठीत येतो, मला अजूनही त्या कापडाचा खरखरीतपणा आठवतो, आणि कणकेने बरबटलेल्या बोटांतून तो सुटतो. काकू बसल्या जागेवरून ओरडते. तिने सूपसुद्धा खाली ठेवलेलं नाही. धाकटा वाळूच्या ढिगावर पडला म्हणून वाचला, कोपर मात्र वाकडं ते वाकडंच राहिलं. तुम्ही वर्कशॉपातून तेलकट कपड्यांनी धावत आलात. आणि विचारलंत काय, तर "कोणाच्या हातातून सुटला?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूनेही बघितलं. मीच म्हणाले, माझ्या. तुम्ही म्हणालात, "तुझ्या हातातून सुटला, आता तूच सांभाळ." दुसऱ्या दिवशी माझं दप्तर खुंटीलाच राहिलं. आई घरी आली तरी राहिलं. ज्यांच्या भिंतीवर 'शिका' लिहिलेलं होतं त्यांच्या घरात. काकूला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. का बोलावं? तिचा हातच कुठे लागला होता! मी हे चाळीस वर्षं घोकत आले आणि मला कधी वाटलंच नाही, की याला दुसराही एखादा नियम असू शकतो.

म्हातारा केक ठेवून गेला. हे संध्याकाळच्या शिफ्टला गेले. पोरगी टेबलाशी बसून होती, स्क्रीनवर तो पोस्टमन आडवा पडलेला, थांबवलेला. ती म्हणाली, "मामा, वास हास्ट डू गेझेन?" म्हणजे आई, तू काय बघितलंस. इथे आईला मामा म्हणतात. आजवर खेळातलं तिने मला कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मी एवढंच बघितलं, की तो गेला. दुसरा कोणी गेला नसता. जागेवर उभा राहिला असता तर चेंडू बाजूने निघून गेला असता आणि त्याला कोणी काही म्हटलं नसतं. गेला म्हणून हात लागला."

"गेनाऊ," पोरगी म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. आणि मग तिने मला तो नियम सांगितला. हात लागला की नाही, हे आधी बघायचंच नाही. बघायचं हे, की साधारण खेळाडूला साधारण कष्टात ते जमलं असतं का. जमण्यासारखं होतं आणि सोडलं, तर चूक. जमण्यासारखंच नव्हतं, तरी कोणी झेपावला आणि हातातून सुटलं, तर ती चूक धरत नाहीत.

मग मी विचारायलाच लागले. मला राहवेना. "आणि हात ओले असले तर?" ती म्हणाली, पाऊस असेल तर तेही बघतात. "आणि दुसरा कोणी अगदी जवळ असला आणि हललाच नाही तर?" ती म्हणाली, जो पोचतच नाही त्याच्या नावावर सहसा चूक लागत नाही. "म्हणजे नुसता बसून राहणारा स्वच्छ?" "हो. बोर्डावर स्वच्छ. पण बघणाऱ्यांना दिसतंच ना, मामा." "आणि तो स्वतः म्हणाला, माझी चूक, तर?" पोरीने माझ्याकडे नीट बघितलं. "त्याला विचारत नाहीत. तो काय म्हणतो त्यावर ठरत नाही." मग म्हणाली, तू हे सगळं का विचारतेस? मी म्हटलं, असंच. भाजी करपेल, बाजूला हो.

तिने निर्णय बदलला नाही. संध्याकाळ झाली, वेळ संपली, हिट ती हिटच राहिली. ग्रुपमध्ये लोक काय काय बोलले ते तिने मला वाचून दाखवलं नाही, पण ती खोलीत गेली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, तुमचे व्हायचे तसे. ट्रेनरने कळवलं, की येत्या रविवारी खोपट्यात दुसरं कोणी बसेल, वातावरण निवळू दे. म्हणजे काढलंच म्हणायचं. म्हातारा मला बेकरीत दिसला, टोपीला हात लावला आणि पुढे गेला. बसवाला मात्र बसमध्ये भेटला. मी चढले, तिकीट दाखवलं, तो म्हणाला, "तुमच्या पोरीला सांगा, मी तिच्या जागी असतो तर चूक दिली असती." मला वाटलं, झालं, आता हाही. तर म्हणतो, "म्हणून मी फक्त फेकतो, लिहायला बसत नाही." मागचे लोक खोळंबले म्हणून मला पुढे सरकावं लागलं, नाहीतर मी अजून चार प्रश्न विचारले असते. हा माणूस रागावलाय की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला तेवढं कळतं. हे विचारत होते काय खरडतेस, मी म्हटलं धाकट्याला लिहितेय. धाकट्याला हल्ली कोणी लिहीत नाही, फोनच करतात, पण ह्यांनी पुढे विचारलं नाही. लिहायला वेळ लागतो मला. जोडाक्षरं आली की हात अडतो, सहावीपर्यंतचाच हात आहे. पण आता एक गोष्ट स्वच्छ सांगते. सोमवारी मी पोरीशी जे बोलले ते पोस्टमनसाठी बोलले नाही. तो पोस्टमन माझा कोण लागतो? आणि पोरीला वाटतंय, आईने तिची बाजू घेतली. काल तिने मला मिठी मारली त्यासाठी.

आबा, तुम्ही खूप गोष्टी डोक्याने तपासून घेतल्यात. लिंबू तपासलंत, मिरची तपासलीत, भटजी तपासलेत. मग त्या दिवशी गॅलरीत येऊन कठडा किती बुटका आहे, हे का नाही तपासलंत? कोण किती लांब होतं, हे का नाही विचारलंत? की विचारलं होतंत, मनातल्या मनात, आणि उत्तर आल्यावर गप्प बसलात? मला रागाने नको, खरंच जाणून घ्यायचंय. तुम्ही कोणत्या नियमाने लिहिलंत ते माझ्या नावावर?

रविवारी पोरीला काम नाही, मलाही मैदानावर जायचं नाही, दोघी घरीच आहोत. तिला मी गॅलरीचं सगळं सांगणार आहे आणि विचारणार आहे, आता तू लिही. पण मला भीती वाटते, आबा. ती माझी म्हणून बघणार नाही. ती सरळ विचारेल, हात पुसून धावायला वेळ होता का, आणि मला ते आठवत नाही. म्हणून आधी तुम्ही सांगा. मला तुमचं उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे.